दाढेतली काळी रेघ

माइक हातात आला की ईश्वरी बिराजदारला आवरणं कुणालाच जमत नसे, आणि त्या दिवशी तर माइक, स्टेज आणि भिंतीएवढा पडदा असं सगळंच तिच्या हवाली होतं. सोलापुरातल्या तिच्या शाळेचं २०४३ सालचं विज्ञान प्रदर्शन. खाली खुर्च्या भरून पालक, मागे भिंतीला टेकून वेफर्स खाणारी दहावीची पोरं, आणि टेबलावर ते यंत्र, ज्याच्यासाठी एवढी गर्दी लोटली होती. केस वाळवायच्या ड्रायरएवढं. नाव दंतवाचक.

"तर मंडळी," ईश्वरी म्हणाली, "तुमच्या-आमच्या तोंडात एक साक्षीदार बसलाय. सहा वर्षांची दाढ. ही हिरडीतून वर येते सहाव्या वर्षी, पण आत तिचं बांधकाम सुरू होतं आपण जन्मतो तेव्हाच. तीनेक वर्षांत वरचा टोप तयार. तोही एकदम नाही, रोज थोडाथोडा, थरावर थर. झाडाच्या खोडात कशा वर्षांच्या रेघा असतात, तशा हिच्यात दिवसांच्या. आईचं दूध कधी सुटलं, वरचं अन्न कधी सुरू झालं, मोठं दुखणं कधी आलं, सगळं त्या रेघांत. दंतवाचक किरण टाकून त्या वाचतो."

"मग त्याचा उपयोग काय?" पहिल्या रांगेतले एक आजोबा.

"तेच सांगतेय आजोबा, जरा दम धरा." हशा. ईश्वरीला हशा फार आवडायचा. आठवीपर्यंत ती तोंडावर हात धरून हसायची, कारण तिचे दात म्हणजे पावसात भिजून वाकलेलं कुंपण. पण गेल्या वर्षी वक्तृत्वाचा जिल्ह्याचा करंडक तिने आणला आणि तो हात जो खाली आला, तो परत वर गेला नाही. "दातांचं माप बहुतेक घराण्यातून येतं. जबड्याचं तसं नाही. जबड्याचं हाड वापरलं तर वाढतं. लहानपणी चावून चावून खाल्लं तर ऐसपैस होतं, नुसतं गिळलं तर आखूड राहतं. दात मात्र ठरल्या मापाचेच येणार. म्हणजे बघा, बाक चौघींचा आणि बसायला आल्या सहा. मग कोणी तिरकी बसते, कोणी दुसरीच्या मांडीवर." तिने ओठ मागे ओढून स्वतःचे दात दाखवले. "हा आमचा बाक."

टाळ्या पडल्या. यंत्र घेऊन आलेल्या दंतवैद्य डॉ. आफरीन शेख बाजूला उभ्या होत्या. त्यांनी सकाळीच ईश्वरीला बजावलं होतं की यंत्र रेघा आणि जबड्याचं माप जोडून जो 'मऊपणाचा अंक' देतं, तो फक्त अंदाज असतो, हे लोकांना न विसरता सांग. शून्य म्हणजे भरपूर चावलेलं बालपण, शंभर म्हणजे नुसतं गिळलेलं.

ईश्वरी ते विसरली. त्याऐवजी म्हणाली, "माणूस खोटं बोलेल. दाढ बोलणार नाही."

मग ती स्वतःच खुर्चीत बसली, आ वासला, डॉक्टरांनी यंत्राचं टोक दाढेला टेकवलं आणि पडद्यावर तिची दाढ चंद्रासारखी उगवली. राखाडी रेघाच रेघा, मध्ये एक काळी. त्याखाली लाल अक्षरांत आकडा आला. एक्क्याण्णव.

 मग मागून एक आवाज आला, "आयला, हिला काय पंप लावून भरवलं का?"

ईश्वरीला खाली उतरता आलं असतं. माइक परत देता आला असता. पण नवा नवा आत्मविश्वास म्हणजे नव्या सायकलसारखा असतो, उतारावर ब्रेक लावायचं सुचत नाही. ती म्हणाली, "काय करणार, माझ्या आईचं पाळणाघर आहे. मिक्सर दिवसभर चालू. पंचवीस पोरांच्या वाटीबरोबर माझीही वाटी फिरली."

सभागृह कोसळलं. आजोबासुद्धा हसले. ईश्वरीने तिसऱ्या रांगेत बघितलं. आईही हसत होती, तोंडावर हात धरून.

*

पुढचे दोन महिने ईश्वरीला तो हशा ऐकू येत राहिला, कारण कोणीतरी त्याचा व्हिडिओ केला होता.

दंतवाचक तोवर सगळीकडे पोचला होता. आधी दवाखान्यात, मग मॉलमध्ये मेंदीवालीच्या शेजारी, मग लग्नाच्या बायोडेटात रक्तगटाच्या खालच्या ओळीत. 'मुलगी गोरी, अंक बावीस.' पाळणाघरांच्या पाट्यांवर चित्रं आली, ऊस चावणारं बाळ, हसरं. आणि लहान पोरांच्या आयांना एक अडचण होती. आपल्या दोन वर्षांच्या पोराचा अंक त्यांना आज कळत नव्हता, कारण ती दाढ उगवायला अजून चार वर्षं. मग पाळणाघर चांगलं की वाईट हे ठरवायचं कसं? सोपं होतं. पाळणाघरवाल्या बाईच्या स्वतःच्या पोरीचा अंक बघायचा.

चिमणघर पाळणाघर, जोडभावी पेठ, एक्क्याण्णव.

कोणी भांडलं नाही, हेच ईश्वरीला जास्त झोंबलं. सगळे गोड बोलून गेले. 'सासूबाई राहायला येणार आहेत मावशी.' 'यांची बदली होईल असं वाटतंय.' 'डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस घरीच ठेवा.' आई प्रत्येकाला पोराचा जास्तीचा शर्ट, दुपटं, बाटली पिशवीत भरून द्यायची आणि "असू दे, असू दे" म्हणायची. दिवाळी झाली तेव्हा चिमणघरात एकच पोर उरली होती. गौरा, दोन वर्षांची, गालाला खळ्या. तिची आई रेश्मा सिटी बस चालवायची आणि तिच्या ड्युटीच्या वेळा दुसऱ्या कुणाला परवडत नव्हत्या.

आई मात्र रोज पूर्वीसारखीच उठायची. गुरगुट्या भात, त्यात वरण, त्यात उकडलेलं गाजर, आणि सगळं मिक्सरमध्ये. फक्त भांडं आता छोटं लावायची.

"आई, निदान आता तरी तिला नुसता भात दे," ईश्वरी एकदा म्हणाली.

"भातच आहे की."

"भात होता. आता ती खळ आहे. पुस्तकाला कव्हर चिकटेल त्याने."

"इशू, शाळेला उशीर होतोय."

"मला चार वर्षांची होईपर्यंत हेच दिलंस ना?"

"तुला आवडायचं."

"मला दुसरं माहीत होतं का काही, आवडायला?"

आईने मिक्सर लावला. बिराजदारांच्या घरात वाद संपवायची ती रीतच होती. घर्रर्र. ईश्वरी त्या आवाजावर ओरडून बोलली, आई ऐकू येत नसल्यासारखी बघत राहिली, आणि शाळेला खरंच उशीर झाला.

*

शेंगदाण्याचं प्रकरण घरात सगळ्यांना पाठ होतं. ईश्वरीलाही. अप्पा, म्हणजे तिचे वडील, ते कोणत्याही पाहुण्यासमोर सांगायचे. त्या रविवारी आत्या आली आणि अप्पांनी जेवताना पुन्हा सुरू केलं.

"ही अकरा महिन्यांची. शेंगा चटणीसाठी हिच्या आईने शेंगदाणे भाजून सुपात काढलेले. ही रांगत गेली आणि एक तोंडात टाकला. मी बाहेरच्या खोलीत. आत येतो तर पोरगी निळी. उचलली, उलटी धरली आणि पळत सुटलो. दवाखान्यात पोचल्यावर तो डॉक्टर मला म्हणतो, 'काय हो, एका पायात चप्पल आहे, दुसरी कुठंय?' मी म्हटलं, डॉक्टर, आधी पोरगी बघा की, चपलेचं काय घेऊन बसलालाव."

आत्या हसून हसून डोळे पुसत होती. "आणि तो शेंगदाणा घरी घेऊन आलास ना रे पुडीत बांधून?"

"मग? एवढा महागात पडलेला शेंगदाणा टाकायचा काय?"

ईश्वरीही हसत होती, सवयीने. आणि हसता हसता तिचं लक्ष आईच्या ताटाकडे गेलं. ताट होतं, आई नव्हती. आई आत पाणी आणायला गेली होती. तांब्या तर टेबलावर भरलेला होता.

ईश्वरीच्या डोक्यात काहीतरी सरकलं. मागच्या वेळी काका आले होते तेव्हा? तेव्हा आई ताक आणायला गेली होती. त्याच्या आधी? लोणचं. ही गोष्ट सुरू झाली की आईला दर वेळी काहीतरी आणायचं असायचं.

तिने फोनवर दाढेचा फोटो उघडला. राखाडी रेघा, एकसारख्या, आणि मध्येच ती काळी. प्रदर्शनात तिने त्या रेघेकडे बघितलंही नव्हतं, आकडाच एवढा लाल होता. आता बोट ठेवल्यावर यंत्राने लिहिलेली बारीक ओळ दिसली. 'शरीरावर तीव्र ताण. वय अंदाजे अकरा महिने.' आणि त्या काळ्या रेघेच्या पुढचे सगळे थर नीट होते, पण त्यांच्याबद्दल यंत्राचं म्हणणं एकच होतं. मऊ अन्न. मऊ अन्न. मऊ अन्न.

भाकरीचा घास तिच्या हातातच राहिला.

*

ईश्वरी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती थेट नव्या पाळणाघराच्या फाटकावर जाऊन उभी राहिली, जिथे चिमणघरातली निम्मी पोरं गेली होती. पोरं न्यायला आलेल्या आईबाबांना तिने अडवून अडवून सांगितलं. शेंगदाणा, निळी पोरगी, आईला बसलेली भीती. छान बोलली. स्पर्धा असती तर नंबर आला असता.

एका गृहस्थांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. त्यांचा मुलगा तीन वर्षं चिमणघरात होता. "बाळा," ते म्हणाले, "तूच म्हणालीस ना, दाढ खोटं बोलत नाही?"

"नाही बोलत. पण ती 'किती' ते सांगते. 'का' ते सांगत नाही."

"ते 'का' घेऊन आम्ही काय करू? वाईट वाटतं तुझ्या आईचं. खरंच वाटतं. पण आता तरी काय देतात त्या पोरांना? मिक्सरमधलंच ना?"

ईश्वरी फाटकापासून बाजूला झाली. कारण माणूस चुकीचा नव्हता. चिडायचं तर कुणावर चिडायचं, हेच तिला कळेना. यंत्रावर? ते बरोबर होतं. या माणसावर? तोही बरोबर होता. आईवर चिडावं तर ती काळी रेघ आडवी येत होती. मग उरली कोण? करंडकवाली.

घरी येताना रस्त्यात दिसलेल्या प्रत्येक दगडाला तिने लाथ मारली. बूट फाटला.

त्यात रेश्माताईंनी शनिवारी सांगितलं की डेपोने स्वतःचं पाळणाघर काढलंय, एक सोमवार सोडून पुढच्या सोमवारपासून गौरा तिकडे. "राग मानू नका भाग्यश्रीताई," त्या आईला म्हणाल्या. "डेपोत सगळ्या ड्रायव्हर बायका बोलतात. म्हणतात, पोरीचे दात पुढे तुलाच निस्तरायचेत." आई म्हणाली, "असू दे, असू दे." ईश्वरीला त्या दोन शब्दांचा आता वीट आला होता.

म्हणून तिने ठरवलं. आई बदलणार नसेल तर आपण बदलू.

*

सोलापूरकरांना कडक गोष्टींचा भारी अभिमान. ऊन कडक, चादर टिकाऊ आणि भाकरी तर विचारूच नका. तव्यावर वाळवून पापडासारखी केलेली ज्वारीची कडक भाकरी महिनाभर राहते आणि दाताखाली अशी वाजते की शेजारच्याला भूक लागावी. चावायचंच शिकवायचं तर याहून चांगलं काय असणार? ईश्वरीला वाटलं, आपल्या गावाने तर उत्तर आधीच डब्यात भरून ठेवलंय.

बुधवारी आई भाजी आणायला गेली तेव्हा तिने गौराला मांडी घालून बसवलं आणि हातात कडक भाकरीचा तुकडा दिला.

गौराने आधी तो बघितला. मग चाटला. मग चावला. कडाम. आवाजाने तीच दचकली आणि मग अशी खूश झाली की दोन्ही हातांनी मांडीवर थापा मारायला लागली. "आवाज," ती म्हणाली. "आवाज." पुन्हा कडाम.

"शाब्बास गं माझी वाघीण," ईश्वरी म्हणाली आणि फोन काढला. हा व्हिडिओ सगळ्यांना पाठवणार होती ती. आधीच्या व्हिडिओवर उतारा.

तिसऱ्या घासाला काचेसारखी एक कपची उडाली आणि घशाकडे गेली. गौरा खोकायला लागली. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, खोक खोक खोक. ईश्वरी गोठून गेली. दारात पिशवी पडल्याचा आवाज झाला, टोमॅटो घरंगळले, आणि आईने गौराला हिसकून उचललं, उलटं धरलं आणि पाठीत थापट्या मारायला लागली. कपची केव्हाच बाहेर पडली होती. गौरा आता खोकत नव्हती, घाबरून किंचाळत होती. तरी आईचा हात थांबत नव्हता.

"आई, निघाला. आई, निघाला तुकडा. आई."

आई थांबली. गौराला सरळ करून छातीशी धरलं. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

"कुणी सांगितलं होतं तुला हे?" ती हळू आवाजात म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी... तिचा जबडा... आई, सोमवारी ती पण जाणार आहे. मग घर रिकामं होईल. मी काहीतरी करायला बघत होते."

"केलंस तेवढं पुरे झालं इशू. स्टेजवर केलंस, आता घरात नको."

पहिल्यांदाच बोलली होती ती त्याबद्दल. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

*

"तुमच्या मशीनमध्ये 'का' नाहीये," दवाखान्यात शिरताशिरता ईश्वरी म्हणाली. "आई मुद्दाम वाईट वागली नाही हे त्यात कुठे दिसतच नाही. असलं कसलं मशीन बनवलं?"

डॉ. आफरीन डबा खात होत्या. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "बस. पाणी पी. माझ्यावर ओरडायला आलेली या आठवड्यातली तू चौथी आहेस. बाकीच्या तिघी सासवा होत्या."

ईश्वरी बसली. सगळं सांगितलं, कपचीपर्यंत.

"तुझ्या घरात आणखी कुणाचे दात वाकडे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"अप्पांचे. आत्याचे तर माझ्याहून."

"मग? तुझ्या एक्क्याण्णवमध्ये अप्पांचा वाटा किती आणि मिक्सरचा किती, हे यंत्राला वेगळं काढता येत नाही. जबडा खाण्याने वाढतो हे खरं, पण नुसत्या खाण्याने नाही. हजारो मुलांचे अंक एकत्र ठेवले तर मऊ खाणाऱ्यांचे जबडे लहान दिसतात, ते पक्कं. एका मुलीबद्दल मात्र तो अंदाजच. आईला मार्क द्यायला नव्हतं बनवलेलं हे. मी तुला सांगायला सांगितलं होतं."

"विसरले मी."

"विसरली नाहीस. हशा मिळत होता."

ईश्वरीचे कान गरम झाले. थोड्या वेळाने तिने विचारलं, "म्हणजे आईची चूक नाही?"

"असंही मी म्हणत नाही. चार वर्षं मिक्सर म्हणजे जबड्याला चार वर्षं सुट्टी. तुझं हाड आता बरंचसं बसलंय, तुला तारा लावाव्या लागतील, दीड-दोन वर्षं, कंटाळवाणं काम आहे. पण त्या गौराचं हाड अजून ओल्या मातीसारखं आहे. तिथे फरक पडू शकतो. आणि तू तिला दिलंस काय, तर कडक भाकरी."

"चावायला कडकच लागतं ना?"

"कडक म्हणजे चिवट नव्हे. कडक भाकरी एका घावात फुटते, तुकडे घशात. जबड्याला काम देतं ते चिवट. ताज्या भाकरीचा जाड काठ घ्यायचा, बोटाएवढी लांब पट्टी कापायची, पोरीच्या मुठीत मावेल अशी. शेंगदाणा, फुटाणा, गोल काही द्यायचं नाही. बसवून द्यायचं आणि समोरून हलायचं नाही."

"आणि खोकली तर?"

"तर खोकू दे. लहान मुलं चावायला शिकताना खोकतात, उबळ येते, तोंडातलं बाहेर ढकलतात. खोकला म्हणजे आवाज, आवाज म्हणजे वाट मोकळी. आवाज बंद झाला तर धाव घ्यायची. तेव्हा काय करायचं ते आईला मी स्वतः शिकवते, तुलाही. उद्या घेऊन ये तिला."

"ती येणार नाही."

"मग मी येते. तिला सांगून ठेव." डॉक्टरांनी डब्याचं झाकण लावलं. "आणि ईश्वरी, घरी गेल्यावर भाषण नको ठोकूस. ऐक तिचं जरा."

*

हे सगळ्यात अवघड होतं. करंडकांमध्ये गप्प बसायचा करंडक नसतो.

संध्याकाळी आई कोथिंबीर निवडत बसली होती. ईश्वरी शेजारी जाऊन बसली आणि तीही निवडायला लागली. अर्धी जुडी निवडून झाली. शेवटी ईश्वरीने डॉक्टरांचं सगळं सांगितलं, भाषण न करता. खोकला आणि आवाज यांचंही.

आईचे हात थांबले.

"त्या दिवशी तू खोकली नव्हतीस," ती म्हणाली. "तोच तर घोळ होता. मी तिथेच होते, पाठ करून. शेंगदाण्याची सालं पाखडत होते. तू जरा जरी खोकली असतीस तरी वळले असते. काही आवाजच नव्हता. अप्पांना ती चप्पल आठवते. मला ती शांतता आठवते." तिने एक पिवळं पान काढून टाकलं. "नंतर मिक्सर लावला की मला बरं वाटायचं. घरात आवाज असायचा."

ईश्वरीला कितीतरी बोलायचं होतं. त्याऐवजी तिने फोन काढला, दाढेचा फोटो उघडला आणि आईच्या मांडीवर ठेवला.

"ही ती रेघ," ती म्हणाली. "काळी आहे ना, ती. पण बघ किती बारीक आहे. पाचसहा दिवसांची असेल. इथे सुरू होते आणि इथे संपते. पुढच्या बघ, सगळ्या नीट. संपली ती आई. मी अकरा महिन्यांची होते तेव्हाच संपली."

आईने फोन डोळ्यांजवळ नेला. बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला. कोथिंबिरीचा हिरवा ठसा काचेवर उमटला.

"तुझ्या दाढेत संपली असेल," ती म्हणाली, आणि फोन परत दिला.

ईश्वरीला ओरडावंसं वाटलं. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. एवढं सगळं झालं, आणि पुन्हा तिथंच. ती उठून आत गेली आणि उशीत तोंड खुपसून जोरात किंचाळली.

बाहेरून आईचा आवाज आला. "त्या डॉक्टरबाईला म्हणावं, दुपारी ये. सकाळी मला भाकऱ्या करायच्या असतात."

*

डॉक्टर आल्या, कापडी बाहुली पालथी घालून शिकवून गेल्या. आईने ते शाळेच्या परीक्षेला करावं तसं करून दाखवलं, ओठ घट्ट मिटून, पुन्हा पुन्हा.

आणि शुक्रवारी, गौराच्या चिमणघरातल्या शेवटून दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाला मिक्सर लागला नाही. आईने ताजी भाकरी थापली, काठ मुद्दाम जाड ठेवला, निवल्यावर कात्रीने पट्टी कापली. गौराला समोर बसवलं. स्वतः गुडघे टेकून बसली, उजवा हात मोकळा. ईश्वरी दाराशी.

गौराने पट्टी मुठीत धरली. चावली. ही वाजली नाही. तिने तक्रारीच्या नजरेने ईश्वरीकडे बघितलं आणि मग ओढायला लागली. भाकरी ताणली गेली, तुटेना. गौराने कपाळाला आठी घातली, मान तिरकी केली, पट्टी दाढेकडे नेली आणि दळायला लागली. गालाच्या खळीखाली काहीतरी हलताना दिसत होतं, वर-खाली, वर-खाली.

मग ती खोकली.

आईचा हात वर गेला, पाठीच्या दिशेने, आणि तिथेच थांबला. हवेत.

खोक खोक.

"आवाज येतोय आई," ईश्वरी कुजबुजली.

"कळतंय मला. गप बस."

खोक. लाळेत भिजलेला एक गोळा गौराच्या जिभेवर आला. तिने तो बोटाने काढला, नीट बघितला, आणि परत तोंडात घालून चावायला लागली.

तेवढ्यात रेश्माताई दारात आल्या, खाकी शर्ट, कपाळावर टोपीचा वळ. आज ड्युटी लवकर सुटली होती. त्यांनी आईला बघितलं, गुडघ्यांवर बसलेली, हात हवेत, मानेवरून घाम वाहतोय.

"हे काय करलालाव ताई?"

"थांब," आई म्हणाली. नजर हलवली नाही. "चावतेय ती."

रेश्माताई उंबऱ्यावरच बसल्या. पट्टी अर्ध्यावर आली होती. त्यांनी गंमत म्हणून टोक धरून ओढलं, तर गौराने ते दातांत आवळून धरलं आणि गुरगुरली. रेश्माताईंना हसू फुटलं, मग त्या लेकीच्या गालाकडे बघत राहिल्या.

ईश्वरीचा फोन खिशात होता. तिने तो काढला नाही.

"एवढा वेळ लागतो?" बऱ्याच वेळाने रेश्माताईंनी विचारलं.

"लागतो," आई म्हणाली. हात आता थोडा खाली आला होता, पण मांडीवर टेकला नव्हता. "सोमवारी अर्धा तास उशिरा ये न्यायला."

रेश्माताईंनी पायातले बूट काढले आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. तिघी वाट बघत राहिल्या. गौराला कसलीच घाई नव्हती.